डोंगराचे गोटे

मौजे निंबखेड, दहीहंड्याजवळ
कार्तिक वद्य ३, शके १७८५

गोवर्धना, बाप्पा,

तुह्या बहिनीचा, तानुबाईचा आशीर्वाद घे. पत्र रामराव पटवारी लिहून राह्यले. मी म्हनलं, मी जशी बोलीन तसंच लिवा, शुद्ध नोका करू. ते हासले, पन लिहून राह्यले.

यंदा पऱ्हाटी अशी फुटली का वावराकडे पाह्यलं त डोये दिपते. अमरावतीचे दलाल बोंड फुटाच्या आंदीच दारात येऊन बसतात. दूर कुठं लढाई हाय म्हनते, तिकडचा कापूस बंद पडला, म्हनून इलायतेच्या गिरन्या वऱ्हाडाच्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. गाव खुशीत हाय. ज्यानं त्यानं बैलाच्या शिंगाले पितळी टोपनं घातले.

तुह्या जवाईबुवानं, म्हंजे माह्या घरधन्यानं, मातर टोपनं नाई घेतले. याईनं चावडीवर उभं राहून सांगतलं, हा पुंजाराम यंदा गावाले गोड्या पान्याची विहीर खंदून देईन.

तुले मालूम हाय, निंबखेडात पाच विहिरी अन् पाचीच्या पाची खाऱ्या. प्याचं पानी दोन कोसावर नदीच्या झिऱ्यातून गाडीनं आनतो. गाडी नाई त्यायच्या बाया डोक्यावर आनते. याईचं म्हननं असं का, तिकडे पूर्णेकाठी मीठवाले वीस पुरुस, म्हंजे वीस मानसं एकावर एक उभे करावे एवढं खाली जाते, तवा त्यायले मिठाचं पानी भेटते. म्हंजे खाराची जागा ठरेल हाय. त्याच्याही खाली गेलो त खार संपन अन् गोड लागन.

तू त्या इंग्रज सायबासंग दगडं पाहत डोंगर हिंडून राह्यला. जमिनीच्या पोटातलं त्याले समजते म्हनतं. त्याले एवढंच इचार, खाराच्या खाली गोड असते का? हो म्हनला त हे अजून चार मानसं लावतीन. विहीर खंदनारे नत्थुजी अन् त्याचे भाऊ आतापासूनच कामाले लागले.

खाऊन-पिऊन राह्यजो. मेळघाटातली थंडी वाईट असते.

तुही बहीन
तानुबाई


सेमाडोह, मेळघाट
ता. १९ डिसेंबर १८६३

बाई,

पाया पडतो. तुझं पत्र अकोल्याहून एलिचपूर आणि तिथून हरकाऱ्याच्या हाती इथे जंगलात पोचलं. वाचताना तुझा आवाज ऐकू आला. रामरावांना माझा नमस्कार सांग.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “नाही. थांबवा.” एवढंच. मी म्हटलं, माझे जवाईबुवा एवढ्यावर थांबणारे नाहीत, कारण सांगा. तेव्हा ते मला घेऊन डोंगराच्या कडेवर गेले आणि सबंध दुपार बोलत बसले. त्यातलं मला जेवढं उमगलं तेवढं तुला सांगतो. माझी खात्री पटली आहे, म्हणून खात्रीनेच लिहितो.

तुमच्या गावातून उत्तरेला जी निळी रेघ दिसते, तो हा डोंगर. जवळून पाहिला तर सगळा काळा दगड आहे, आणि तो थराथराने रचलेला आहे, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा. हा दगड एके काळी वितळलेला होता. जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला, थिजला, पुन्हा आला, पुन्हा थिजला. तेव्हा इथे डोंगर नव्हता, बाई. सगळं सपाट होतं. तुमचं निंबखेड आणि आमचं सेमाडोह एका पातळीवर होतं.

मग पूर्व-पश्चिम अशी एक लांबच लांब चीर पडली. चिरेच्या उत्तरेची बाजू वर सरकू लागली आणि दक्षिणेची खाली बसू लागली. एका दिवसात नाही. हातभर सरकायची, थांबायची, जमीन हादरायची, पुन्हा सरकायची. मी विचारलं, पुरावा काय? मागच्या महिन्यात आम्ही सालबर्डीला होतो. तिथे डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडाच्या खालचा पांढरा वाळूचा दगड उघडा पडला आहे. सगळ्यांत तळाचं ते तिथे डोळ्यांसमोर आलं आहे. आणि तुमच्या इकडे वीस पुरुष खणलं तरी काळा दगडसुद्धा लागत नाही, नुसती माती. म्हणजे एक बाजू वर आली आणि दुसरी खाली गेली, यात शंका कसली?

साहेब म्हणतात, दगड जुना आहे पण डोंगर तरुण आहे. कडा अजून ताठ आहेत, दऱ्या अरुंद आणि खोल आहेत, पाण्याला अजून त्या घासून गोल करायला वेळ मिळालेला नाही. उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी ते चार वर्षं होते. तो तर याहून तरुण आणि अजून वाढतो आहे. तिथे नदीतले गोटे टेकड्यांच्या माथ्यावर सापडतात. नदीने खाली टाकलेले गोटे डोंगराने पुन्हा वर उचलले.

जो भाग खाली बसला, तो खड्डा म्हणजे पूर्णेचं खोरं. तो डोंगराच्याच मातीने भरला. तुमची पऱ्हाटी ज्या काळ्या मातीवर फुटते ती झिजलेला डोंगर आहे. पण त्या चिकणमातीत मुरलेल्या पाण्याला वाट नाही. ते तिथेच कोंडून बसलं आणि खारलं. मीठ मुळात कुठून आलं ते साहेबांनाही पक्कं ठाऊक नाही, ते तसं सांगतात. पण खाली जाल तसा खार वाढेल, हे ते छातीवर हात ठेवून सांगतात.

तेव्हा जवाईबुवांना म्हणावं, काम बंद करा.

तुझा
गोवर्धन


निंबखेड
माघ शुद्ध ७, शके १७८५

गोवर्धना,

तुहं पत्र रामरावनं चावडीवर वाचून दाखवलं. लोक तोंड उघडं टाकून आयकत होते. पांढरा दगड, काया दगड, जमीन वर सरकली, खाली बसली. सरते शेवटी हे उठले अन् म्हनले, “डोंगर बारा कोसावर, विहीर माह्या दारात. त्याचा अन् माहा काय संबंध? साळा माहा सायबाची दप्तरं उचलते अन् मले माही जमीन शिकवते.”

सारे हासले. मी बायांसंग आडोशातून आयकत होती. मले राग आला, पन खरं सांगू का, त्याईचा प्रश्न मलेही पडला. एवढ्या दूरचा डोंगर आमच्या पान्याचं काय ठरवन? तू सांगतलं का आमची माती डोंगराची हाय. असन. पन माती त सारीकडे सारखीच हाय, मंग दोन कोसावर नदीतल्या झिऱ्याचं पानी गोड काहून? याचं उत्तर दे, मले समजन असं.

काम बंद नाई झालं. विहीर पंधरा पुरुस खोल गेली. आठ पुरुसावर पानी लागलं ते खारं, ते उपसून उपसून खाली जाऊन राह्यले. नत्थुजी म्हनते माती पिवळी अन् चिकट हाय, दगड एक नाई. इथं काया मातीत कुत्र्याले माराले गोटा भेटत नाई, तवा विहिरीत कुठून भेटन. हे सोता बी खाली उतरते. मी म्हनलं, तुमचं वय पन्नासाचं, तुमी काहून उतरता? म्हनले, गावाले शब्द मी देल्ला, नत्थुजीनं नाई.

मानूस जिद्दी हाय पन त्याईच्या मनात वाईट नाई, हे तू ध्यानात ठेवजो.

तानुबाई


शहानूर नदीच्या काठी, तळ
ता. ५ मार्च १८६४

बाई,

तू विचारलेला प्रश्न मी साहेबांपुढे ठेवला, तर ते खूश होऊन म्हणाले, तुझ्या बहिणीला माझ्या कचेरीत नोकरी देतो. आणि म्हणाले, “उत्तर सांगून कळायचं नाही, चालून बघ.” म्हणून गेले सहा दिवस मी घाटापासून सपाटीपर्यंत नदीच्या पात्रातून चाललो. बरोबर एक कोरकू वाटाड्या होता. त्याला या पात्राची प्रत्येक वाकण पाठ.

घाटातून नदी खाली आली तिथे पात्रात म्हशीएवढे धोंडे आहेत. त्यांच्यावरून उड्या मारत जावं लागतं. तिथे पाणी दिसतं, आणि पुढे एका जागी गडप होतं. धोंड्यांच्या खाली जमिनीत शिरतं. वाटाड्याने हाताने वाळू उकरली आणि ओंजळभर पाणी मला पाजलं. बर्फासारखं गार आणि गोड. दोन कोस पुढे धोंडे नारळाएवढे झाले. आणखी पुढे लिंबाएवढे, गुळगुळीत, वाटोळे. मग जाड वाळू. मग बारीक. आणि सपाटीला लागलो तशी नुसती काळी माती, पावसाळ्यात गुडघाभर रुतावं अशी.

मला तिथे उभ्याउभ्या समजलं. डोंगर वर आला म्हणून पाण्याला उतार मिळाला, उतार मिळाला म्हणून ताकद आली. ताकद जास्त तिथे ते धोंडा ढकलतं, कमी झाली की धोंडा टाकून गोटा नेतं, मग गोटाही टाकून वाळू नेतं, आणि अगदी दमलं की चिखल तेवढा पूर्णेपर्यंत पोचवतं. म्हणून माती सारीकडे सारखी नाही. जिथे गोटे आणि वाळू आहे तिथे पाणी खेळतं राहतं, डोंगराचं ताजं पाणी आत येत राहतं. तिथे खार टिकत नाही. तुमच्या दोन कोसांवरच्या झिऱ्यात वाळू आहे, म्हणून तो गोड.

आता महत्त्वाचं ऐक. नद्या एका जागी राहत नाहीत. पूर आला की पात्र बदलतात. जुनं पात्र मातीखाली झाकलं जातं, पण आतली वाळू आणि गोटे तिथेच राहतात. साहेब म्हणतात, खारपाण्याच्या मुलखातसुद्धा अशी झाकलेली पात्रं असली पाहिजेत. तुमच्या शिवारात कुणाच्या नांगराला कधी वाटोळा गोटा लागला आहे का? लागला असेल तर ती जागा मला कळव. गोटा लहान असला तरी चालेल. त्या मातीत दगड जन्मत नाही, बाई. जो असेल तो डोंगराने धाडलेला.

आणि जवाईबुवांना हात जोडून सांग. मिठाच्या विहिरींवर मी स्वतः विचारून आलो. तिथले लोक म्हणतात, खालचा थर फुटला की पाणी एकदम उसळतं, आणि ओल्या चिकणमातीची भिंत कधी सुटेल ते सांगता येत नाही. त्यांनी उतरू नये.

गोवर्धन


निंबखेड
चैत्र वद्य २, शके १७८६

गोवर्धना,

सारं ठीक हाय. विहिरीचं काम थांबलं. तू म्हनत होता तसंच झालं, पानी खारं लागलं. हे घरीच असते. तू चिंता नोको करू अन् इकडे यायची घाईही नोको करू.

तानुबाई

(खाली माझे दोन शब्द, तानुबाईंना न सांगता. आपण भाऊ आहात, आपल्याला कळलं पाहिजे. राम नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अठराव्या पुरुषावर पहारीचा घाव बसला आणि खालून पाणी फुटलं. बघता बघता दोन माणसं बुडतील एवढं चढलं आणि एका अंगाची भिंत खचली. पुंजारामजी आणि नत्थुजी दोघे आत होते. नत्थुजीने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने त्यांना धरून ठेवलं. वर काढलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला होता. हाडवैद्याने बांधला आहे, जीव वाचला, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तानुबाईंनी माझ्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढला नाही. — रामराव)


चिखलदरा
ता. ३ मे १८६४

बाई,

मला सगळं कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि ज्याने कळवलं त्याच्यावर रागावू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी निघायला हवं होतं. निघालो नाही याची लाज वाटते. साहेब तापाने फणफणले आहेत, पालखीतून इथे वर आणलं. त्यांची बोली कळणारा मी एकटा. माझ्या स्वाधीन केलेला माणूस टाकून कसा येऊ? दोन्हीकडे जीव ओढतो आहे.

माझंही चुकलं. मी डोंगर समजावून सांगण्यात एवढा रमलो की जवाईबुवा कशासाठी खणतायत याचा विचारच केला नाही. त्यांनी गावाला शब्द दिला होता आणि मी त्यांना नुसतं नाही म्हणत राहिलो. नाही म्हणणाऱ्याने दुसरी जागाही दाखवायला हवी होती.

म्हणून पुन्हा विचारतो. शिवारात कुठे गोटे आहेत का? लोकांना विचार. बायकांना विचार. निंदायला, वेचायला वाकतात त्या बायकाच, नांगरणाऱ्यापेक्षा त्यांना जमीन जवळून ठाऊक असते.

गोवर्धन


निंबखेड
ज्येष्ठ शुद्ध १०, शके १७८६

गोवर्धना, भाऊ माह्या,

गोड पानी लागलं.

आता बसून आयक, सारं सांगते.

तुहं पत्र रामरावनं घरी येऊन वाचलं. घरात मी होती, बाजीवर हे होते अन् चुलीजवळ जमुना होती. जमुना म्हंजे माही धाकटी जाऊ. माह्या दिराले जाऊन सहा वर्सं झाले, तवापासून ती येगळी राह्यते, पन याईचा पाय मोडला तशी रोज येऊन चूल सांभाळून राह्यली. पत्र आयकलं अन् ती चुलीजवळून उठून गेली. घटकाभरानं आली त पदराच्या वट्यात पाच-सात गोटे. काये, गुळगुळीत, लिंबाएवढे. माह्यासमोर ठेवले अन् म्हनली, “बाई, असे का?”

मी म्हनलं, “कुठून आनले वं?”

“माह्या वावरातून. दर वर्सी निंदनात इळ्याले लागते. पऱ्हाटी तथी गुडघाभर होते, म्हनून त त्याले गोटाळ वावर म्हनतात.”

गोवर्धना, तुले कधी सांगतलं नाई. दीर गेला तवा वाटनी झाली. काया मातीचे तिन्ही वावरं आमच्याकडे राह्यले अन् गावाच्या उगवतीकडचं ते गोटाळ वावर तिच्या वाट्याले गेलं. याईनं वाटनी केली अन् कोनी काही बोललं नाई. तीही नाई बोलली. तू असतास त बोलला असतास, म्हनून तुले सांगतलं नाई, अन् तू गोट्याचं इचारलं तवाही त्या वावराचं नाव काढलं नाई.

मंग मी अन् जमुना वावरात गेलो. तू लिवलं तसं पाह्यलं. बांधापासून बांधापर्यंत गोट्याचा एक पट्टा हाय, उत्तरेकडून दक्षिनेकडे, नदी गेल्यावानी. मधात शिंदीचे तीन झाडं. भर उन्हाळ्यात हिरवे. आमी सारे जनम त्या झाडाखाली भाकर खाल्ली, पन कोनाले सुचलं नाई का हे हिरवे काहून.

नत्थुजीले इचारलं. मले वाटलं तो आता विहिरीचं नाव काढू देनार नाई. तो म्हनला, “बाई, माह्या हातून गावाची एक विहीर खारी गेली. दुसरी खंदल्याबिगर मी जात नाई.” त्याच्या भावासंग गावातल्या अकरा बाया टोपले घेऊन उभ्या राह्यल्या. मी अन् जमुना पहिल्या. वाळू ढासळते म्हनून नत्थुजीनं पळाट्याचे, म्हंजे पऱ्हाटीच्या वाळल्या काड्याचे, कूड इनून आतून लावले, खाली जाईन तसे एकाखाली एक. दोन पुरुसावर जाड वाळू. चारावर गोटे, नारळाएवढे. बाया हातात घेऊन घेऊन पाहत होत्या. सातव्या पुरुसावर वाळू ओली झाली अन् परवा सकाळी कासराभर दिवस वर आला तवा पानी झिरपू लागलं. उसळलं नाई, फुटलं नाई. हळूहळू भरलं.

पयले कोनी प्यावं त? सारे थांबले. नत्थुजीनं ओंजळ भरली, वर पाह्यलं अन् वरडला, “जमुनाबाई, तुमी या!” ती खाली उतरून प्याली. पदरानं तोंड पुसलं अन् परत वाकली.

मी कळशी भरून घरी आनली. हे भिंतीकडे तोंड करून होते. प्याले देल्लं. अर्धा लोटा प्याले, थांबले, म्हनले, “किती पुरुसावर?” मी म्हनलं सात. त्याईनं उरलेला लोटा संपवला. मंग म्हनले, “मी अठरा गेलो.” अन् पयल्यांदा हासले, गोवर्धना. एवढ्या दिसातून पयल्यांदा.

तानुबाई


एलिचपूर
ता. २७ जून १८६४

बाई,

पत्र वाचून मी साहेबांच्या खोलीत धावत गेलो, वहाणा काढायलासुद्धा विसरलो. ते आता बरे आहेत. त्यांनी माझ्याकडून पत्र ओळ न् ओळ समजून घेतलं. किती पुरुषांवर वाळू, कितीवर गोटे, सगळं टिपलं. डोंगराचे गोटे एवढ्या दूरवर गेले असतील असं त्यांनाही वाटलं नव्हतं. मग नकाशा काढला आणि निंबखेडजवळ बारीक ठिपका केला. गोड्या पाण्याचा पहिला ठिपका, त्या सगळ्या खाऱ्या पट्ट्यातला. विचारलं, “विहीर कुणाची?” मी छाती फुगवून सांगितलं, “माझ्या बहिणीच्या नवऱ्याची, पुंजारामची.” त्यांनी तसं लिहिलं. जवाईबुवांना वाचून दाखव, पायाचं दुखणं निम्मं होईल.

वाटणीचं तू आता सांगितलंस. मी काही म्हणत नाही. तू म्हणतेस तसं ते त्यांनी केलं आणि ते होऊन गेलं.

माझी एक गोष्ट आहे. पावसाळाभर आम्ही इथेच नकाशे काढत राहणार. थंडीत साहेबांना उत्तरेला परत बोलावलं आहे, हिमालयाच्या पायथ्याशी, आणि ते मला बरोबर ये म्हणतात. तीन वर्षं, कदाचित पाच. बाई, माझं मन तिकडे कधीच जाऊन पोचलं आहे. जो डोंगर अजून वाढतो आहे तो मला बघायचा आहे. पण जवाईबुवांचा पाय असा, शेतीचं सगळं तुझ्यावर. तू राहा म्हणालीस तर मी राहीन आणि मनात काही धरणार नाही. वलगावला, तुझ्या माहेरी, मी अजून कळवलेलं नाही. आधी तुझं उत्तर.

गोवर्धन


निंबखेड
मार्गशीर्ष शुद्ध ८, शके १७८६

गोवर्धना,

उत्तराले उशीर झाला. पऱ्हाटीची वेचाई होती, अन् दुसरंही होतं. ते उरकल्याबिगर मले लिवता येत नवतं.

तुहं पत्र याईले वाचून दाखवलं. नकाशावर पुंजारामची विहीर. हे लय खूश झाले. कुबडी घेऊन चावडीवर गेले अन् साऱ्याले सांगतलं. जमुनानं आयकलं. त्या दिसापासून ती आमच्या घरी यायची बंद झाली.

मंग दिवाळी झाल्यावर सरकारी मोजनी आली. साखळी टाकून वावर मोजते, नंबर देते अन् ज्याचं वावर त्याचं नाव लिवते. आजवर आमचे सारे वावरं याईच्याच नावावर, वाटनी तोंडीच झाली होती. मोजनीचा कारकून गोटाळ वावरात आला तवा विहिरीवर बाया पानी भरत होत्या, सारा गाव जमला होता. त्यानं इचारलं, “खातेदार कोण?”

हे म्हनले, “पुंजाराम.” अन् मंग जमुनाकडे न पाहता म्हनले, “आमच्या घरातलंच हाय. जमुनाले मी याच्याबदल्यात काया मातीचं वावर देतो, नदीकडचं. तिचं भलंच होईन.”

जमुना माह्या मांगं उभी होती. लग्न होऊन आली तवापासून भासऱ्यासमोर, म्हंजे याईच्यासमोर, तिनं तोंड उघडलं नवतं, त्याईची सावली दिसली तरी पदर पुढे ओढे. ती माह्या मांगून पुढे आली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पन आवाज सारा गाव आयकन एवढा.

“भाऊजी, तवा तुमी वाटनी केली. मी हूं का चूं केलं नाई. आता झाली ते झाली. मले नदीकडचं वावर नोको. पानी साऱ्या गावानं न्यावं, जनमभर न्यावं, कोनालेच मी नाई म्हननार नाई. पन वावर माहं हाय. तसं लिवा.”

 कारकून याईकडे पाहे, रामरावकडे पाहे. रामराव म्हनले, कागदावर पुंजारामचं नाव हाय. याईची मान खाली. मले याईचं मन समजत होतं. ज्या विहिरीपायी पाय गेला ती खारी, अन् जी गोड ती दुसऱ्याची. वाईट वाटलं. पन मले दुसरंही काही मालूम होतं, ते मी तुलेही खोटंच सांगतलं होतं.

मी म्हनलं, “कारकूनबुवा, वाटनी याईनं केली नाई. मी केली. दीर गेला त्या तेराव्याच्या दिवशी मीच याईले म्हनलं, गोटाळ वावर तिले द्या, तिले लेकरू नाई, तिले काय करायची काया मातीची जमीन. हे दोन दिवस नाई म्हनत होते. मी आयकलं नाई. पाप माहं हाय. तवा मी जे तिले देल्लं, ते मी सांगते तिचंच हाय. लिवा, जमुनाबाई.”

चोवीस वर्सं या गावात राह्यली, गोवर्धना, चारचौघात एवढं कधी बोलली नाई.  याईनं मान वर केली, माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं आता सारं मोडलं. त्याईनं कुबडी सरसी केली, कारकुनाकडे वळले अन् म्हनले, “माही बायको खरं बोलून राह्यली. लिवा तिचं नाव. अन् रामराव, साक्षीदार म्हनून माहं टाका.”

त्याच दिवशी लिवलं गेलं. घरी येताना हे कुबडी एका हातात अन् दुसरा हात माह्या खांद्यावर ठेवून आले. सारा गाव पाहत होता, तरी काढला नाई. दुसऱ्या दिवशी जमुना आली, चुलीजवळ बसली अन् म्हनली, “बाई, तुमी बोलल्या नसत्या तरी मी हटली नसती.” मी म्हनलं, मालूम हाय. मंग दोघी लय हासलो, अन् हासता हासता लय रडलो.

आता तुहं. तू मले इचारतं, जाऊ का राहू. मी नाई म्हनली त तू खरंच राहशीन, एवढी तुही माया हाय. पन याईचा पाय तू राहून सरळ होनार नाई, अन् वावर कसाले मी हाय, जमुना हाय. जा. तो वाढता डोंगर पाहून घे. तिकडे पायथ्याशी जे लोक असतीन, त्यायच्या बाया बी कुठून तरी दूरून पानी आनत असतीन. त्यायले इचार गोटे कुठं लागते.

फक्त जाच्या आंदी एक काम कर. सायबाचा तो नकाशा काढ अन् त्याले सांग, नाव चुकलं, माह्या बहिनीनं सांगतलं. पुंजाराम खोड अन् तथी जमुनाबाई लिव. तुह्या डोयानं पाहून घे लिवलं का नाई. मंगच उत्तरेकडे पाय उचल.

तानुबाई